चौथी राणी

ज्योत्स्ना आगाशेने ठाण्याच्या कॉलेजात चौदा वर्षं इतिहास शिकवला, आणि त्या चौदा वर्षांत इंग्लंडचा आठवा हेन्री दरवर्षी एकाच पद्धतीने उरकला. धर्मसुधारणेची कारणं : राजकीय, आर्थिक, धार्मिक. मुलं खाली मान घालून उतरवून घेत. सहा राण्यांवर वर्गात थोडा हशा होई, मग ती पुढच्या मुद्द्याकडे वळे. पहिली राणी कॅथरीन प्रश्नपत्रिकेत येत असे, दुसरीही येई. चौथी कधीच येत नसे, म्हणून ती एका ओळीत संपे.

१९९२ मध्ये नवऱ्याची, माधवची, बँकेच्या टोकियो शाखेत तीन वर्षांसाठी बदली झाली. ज्योत्स्नाने कॉलेजातून तेवढीच बिनपगारी रजा घेतली आणि दहा वर्षांच्या सईला घेऊन दोघं टोकियोजवळच्या उरायासुला राहायला आली. सई तिथल्याच सरकारी शाळेत गेली आणि सहा महिन्यांत आईला भाषेत मागे टाकून मोकळी झाली. ज्योत्स्नाला मात्र दोन वर्षांनंतरही दुकानात विचारण्यापुरतं आणि कचरा कुठल्या दिवशी कुठला टाकायचा तेवढं कळण्यापुरतंच जपानी येत होतं.

९४च्या एप्रिलमध्ये कोमिनकानमधून, म्हणजे नगरपालिकेच्या समाजगृहातून, इशिदा-सान नावाचे एक निवृत्त इंग्रजी शिक्षक तिच्याकडे आले. त्यांच्या सात जणांच्या मंडळाला ऑक्टोबरात इंग्लंडच्या सहलीला जायचं होतं. 'कसे आहात, बरा आहे, एवढंच इंग्रजी आम्ही वीस वर्षं बोलतोय,' ते म्हणाले. 'आता आम्हाला सहा बायकांच्या राजाची गोष्ट इंग्रजीत ऐकायची आहे. तुम्ही इतिहासाच्या सेन्सेई आहात असं तुमच्या मुलीच्या शाळेत कळलं.'

दर गुरुवारी सकाळी दहा वाजता वर्ग सुरू झाला. ज्योत्स्ना सोपं इंग्रजी बोले, अडलं तिथे इशिदा-सान जपानीत सांगत. ही मंडळी परीक्षेला बसणार नव्हती, त्यामुळे त्यांचे प्रश्न भलतेच असत. राणीला माहेरचं जेवण मिळायचं का? मठ बंद झाल्यावर जोगिणी कुठे गेल्या? ज्योत्स्नाला घरी येऊन पुस्तक उघडावं लागे. जोगिणींना तुटपुंजं पेन्शन मिळालं होतं आणि लग्न करायला बंदी होती, हे तिला पहिल्यांदाच नीट कळलं.

'राजाला पहिलं लग्न रद्द करून हवं होतं, पण पोपने नकार दिला,' तिने एका गुरुवारी सांगितलं. पोप म्हणजे मुख्य देवळाचे मुख्य आचार्य, असं इशिदा-सानांनी समजावलं.

'मग राजाने पंथ का नाही बदलला?' एका बाईंनी विचारलं.

'तेच केलं त्याने. आणि नव्या पंथाचा प्रमुख स्वतःच झाला.'

सगळे खळखळून हसले. मग ज्योत्स्नाने सांगितलं की राजा धर्माचाही प्रमुख आहे अशी शपथ सगळ्यांना घ्यावी लागली, आणि जे घेईनात त्यांची डोकी उडवली, त्यात राजाचा जुना स्नेही आणि माजी मुख्य मंत्रीही होता. तेव्हा हसू थांबलं.

खिडकीजवळ बसणाऱ्या मोरिता-सान एरवी फारसं बोलत नसत. अठ्ठावन्न वर्षांच्या, ठेंगण्या, हात कामाने राठ झालेले. उरायासु मासेमाऱ्यांचं गाव होतं तेव्हा त्या लहानपणी आईबरोबर शिंपल्या सोलायला बसत. पुढे समुद्र बुजवला गेला, मासेमारी संपली, आणि त्यांच्या नवऱ्याने बांधकामाची कंपनी काढली. गावातली अर्धी कुटुंबं या ना त्या नात्याने त्या कंपनीत होती. नवऱ्याला सगळे शाचो, म्हणजे मालक, म्हणत. त्याही त्याला शाचोच म्हणत.

'सेन्सेई,' मोरिता-सान म्हणाल्या, 'राणीने शिक्का मारला का?'

जपानात सहीऐवजी नावाचा शिक्का चालतो हे ज्योत्स्नाला माहीत होतं. 'नाही,' ती म्हणाली. 'राजाने न्यायालय भरवलं. राणी सगळ्यांदेखत त्याच्यापुढे गुडघे टेकून बसली आणि म्हणाली, वीस वर्षं मी तुमची खरी बायको आहे, माझं चुकलं काय ते सांगा. राजा बोलला नाही. ती उठून चालू लागली. तीनदा तिच्या नावाचा पुकारा झाला. तिने मागे वळूनही पाहिलं नाही.'

मोरिता-सानांनी वहीत काहीतरी लिहिलं.

जूनमधल्या एका शनिवारी त्या न सांगता घरी आल्या. हातात बर्फाच्या डब्यात शिंपल्या होत्या. आगाशांच्या घरात अंडंसुद्धा येत नसे, पण ज्योत्स्नाने डबा दोन्ही हातांनी घेतला आणि ओट्यावर ठेवला. माधव ऑफिसच्या कामाने बाहेर होता. इशिदा-सान नसल्यामुळे दुभाषी म्हणून सईला बसवावं लागलं.

मोरिता-सान खाली बघत बरंच बोलल्या. सई ऐकत राहिली.

'काय म्हणतायत?'

'आई, हाऊ डू आय से धिस...' सईने ओठ चावला. 'त्यांच्या नवऱ्याची दुसरी एक बाई आहे. तिला डिसेंबरमध्ये बेबी होणारे. मुलगाच होणार म्हणे. म्हणून त्यांना डिव्होर्स पाहिजे.'

'तू आत जा, सई.'

'मी आत गेले तर तुम्ही दोघी बोलणार कशा?'

सई बसली. हळूहळू सगळं बाहेर आलं. मोरिता-सानांना दोन मुली, दोघी लग्न होऊन लांब. शाचोंना कंपनीसाठी मुलगा हवा होता आणि तो जन्मायच्या आत त्याच्या आईशी लग्न करायचं होतं. मोरिता-सान शिक्का द्यायला तयार नव्हत्या. त्या नाही म्हणाल्या तर कोर्टातून ते सोपं नव्हतं, कारण बाहेर संबंध ठेवणारा तो होता. पण गेल्या आठवड्यात त्यांना शिक्क्याचा खण उचकटलेला दिसला होता. घटस्फोटाच्या कागदावर दोघांचे शिक्के असले की नगरपालिका तो दाखल करून घेते, कोणी मारले ते विचारत नाही.

'ती पहिली राणी,' सईने विचारलं, 'त्या विचारतायत, तिचं पुढे काय झालं?'

ज्योत्स्नाने जसं घडलं तसं सांगितलं. राजाने दुसरं लग्न केलं. राणीला राणी म्हणायला बंदी झाली. तिला एका दमट गढीतून दुसरीत हलवत राहिले. एकुलत्या मुलीला भेटू दिलं नाही. तीन-चार वर्षांत ती गेली, पण शेवटपर्यंत कबूल झाली नाही.

'आणि कबूल झाली असती तर?'

'ते इतिहासाला सांगता येत नाही,' ज्योत्स्ना म्हणाली. ही तिची नेहमीची सोडवणूक होती. पण समोरची बाई उत्तराची वाट बघत तशीच बसून होती, म्हणून ती पुढे म्हणाली, 'एक कबूल झाली होती. चौथी. परदेशातून आणलेली. सहा महिन्यांत राजाने तिलाही नको म्हटलं. तिने लगेच मान्य केलं. तिला महाल मिळाले, गढी मिळाली, राजाची बहीण म्हणून मान मिळाला. पुढे ती राजाच्याही मागे राहिली आणि बाकीच्या सगळ्या राण्यांच्याही.'

'सो शी वन,' सई म्हणाली आणि तेच जपानीत सांगितलं.

मोरिता-सान हसल्या नाहीत. 'सहा महिन्यांचं लग्न सोडून देणं सोपं आहे,' त्या म्हणाल्या. 'माझी चौतीस वर्षं झाली.'

त्या गेल्यावर सई आणि ज्योत्स्ना त्या जिवंत शिंपल्यांचं काय करायचं याचा बराच विचार करत बसल्या. शेवटी सईने डबा खालच्या मजल्यावरच्या आजींना नेऊन दिला.

मोरिता-सानांच्या संमतीने ज्योत्स्नाने इशिदा-सानांना विचारलं, आणि त्यांनी उपाय शोधला. बायकोने नगरपालिकेत आधीच अर्ज दिला की माझ्या नावाचा घटस्फोटाचा कागद आला तर घेऊ नका, तर कागद परत जातो. अर्ज सहा महिने चालतो, मग नवा द्यायचा. मोरिता-सानांना गावातलं कोणी बरोबर नको होतं. त्यांनी ज्योत्स्नाला विचारलं.

जुलैत दोघी गेल्या. ज्योत्स्नाला काहीच करायचं नव्हतं, फक्त शेजारी उभं राहायचं होतं. काउंटरवरच्या तरुण कारकुनाने अर्ज दोनदा वाचला, नावाशी जरासा थबकला, मग वाकून नमस्कार केला आणि तारखेचा ठसा मारला. बाहेर येऊन मोरिता-सानांनी यंत्रातून गार बार्ली चहाचे दोन डबे घेतले. बाकावर बसून त्यांनी आपला डबा एका दमात संपवला.

'आज पहिल्यांदा शाचोंना न विचारता काही केलं,' त्या इंग्रजीत म्हणाल्या. वाक्य बहुतेक घरून तयार करून आणलं होतं.

शाचोंना आठवडाभरात कळलं. त्यांनी आरडाओरडा केला नाही. फक्त त्यानंतरच्या गुरुवारी दोन बाया वर्गाला आल्या नाहीत, पुढच्याही गुरुवारी नाहीत. दोघींचे नवरे कंपनीत होते. आणि एके दिवशी आगाशांचे घरमालक लिफ्टमध्ये माधवला म्हणाले, 'तुमच्या मिसेस फार कामात असतात वाटतं.' माधवने हसून हो म्हटलं. ऑफिसातल्या तनाका-सानांनी त्याचा खरा अर्थ, म्हणजे बायकोला आवरा, असा सांगितला तेव्हा दोन दिवस उलटून गेले होते.

'घरमालकापर्यंत बोलणं गेलंय, ज्योत्स्ना,' तो त्या संध्याकाळी म्हणाला. 'परक्या देशात राहतोय आपण. त्यांच्या घरगुती भानगडीत तू कशाला पडतेस?'

'मी शेजारी उभी होते.'

'तेच ते.'

'बरं,' ती म्हणाली आणि पुढच्या गुरुवारी नेहमीसारखी वर्गाला गेली. पाच जण होते. तिने तिसऱ्या राणीचं बाळंतपण शिकवलं.

ऑक्टोबरात मंडळ इंग्लंडला गेलं. ज्योत्स्ना गेली नाही. तिला कोणी बोलावलंही नव्हतं आणि तिनेही विषय काढला नव्हता. त्याच आठवड्यात माधव ऑफिसातून एक टाइप केलेला कागद घेऊन आला. बँकेने बदली आणखी दोन वर्षं वाढवली होती आणि त्याने होकार कळवला होता. कागद ठाण्याच्या प्राचार्यांना लिहिलेला होता. वैयक्तिक कारणांमुळे आपण राजीनामा देत आहोत, खाली ज्योत्स्ना माधव आगाशे. फक्त सहीची जागा मोकळी होती.

'रजा आणखी वाढवून मिळणार नाही,' माधव म्हणाला. तो समजुतीच्या सुरात बोलत होता. 'मी चौकशी केली. मग उगाच कशाला ताणायचं? सईची शाळा इथे चांगली चाललीय. माझं प्रमोशन याच्यावर आहे. तुझंही काही वाईट चाललेलं नाही इथे, वर्ग घेतेस, ओळखी झाल्यात. इथे सही कर, उद्या पोस्टात टाकतो.'

'होकार कधी कळवलात?'

'सोमवारी.'

'आज शुक्रवार आहे.'

'अगं, विचारायचं काय त्यात? तू नाही म्हणणार होतीस का?'

ज्योत्स्नाला खरंच माहीत नव्हतं. विचारलं असतं तर कदाचित ती हो म्हणाली असती. लग्नाला सोळा वर्षं झाली होती आणि आतापर्यंत बहुतेक गोष्टींना तिने होच म्हटलं होतं. माधव तिच्यावर कधी ओरडला नव्हता. त्याला फक्त उत्तर आधीच माहीत असे.

'वाचते आणि सांगते,' ती म्हणाली. कागद मायक्रोवेव्हवर ठेवला आणि पानं घेतली.

मंडळ परत आलं त्या गुरुवारी मोरिता-सान वर्गाच्या आधी अर्धा तास येऊन बसल्या होत्या. लंडनचा किल्ला, कावळे, पहारेकऱ्यांचे लाल कपडे, हे सगळं बाकीच्यांनी पाहिलं होतं. त्या मात्र एक दिवस इशिदा-सानांना घेऊन ट्रेनने पीटरबरोला गेल्या होत्या, कारण पहिल्या राणीला तिथल्या मोठ्या चर्चमध्ये पुरलंय असं ज्योत्स्नाने सांगितलं होतं.

'सोनेरी अक्षरं आहेत,' इशिदा-सान म्हणाले. 'कॅथरीन, इंग्लंडची राणी. राणी असं स्पष्ट लिहिलंय. पण ती अक्षरं तिथे अगदी अलीकडे लावली म्हणे.'

चौदा वर्षं शिकवून ज्योत्स्नाला हे माहीत नव्हतं. 'कसं वाटलं?' तिने मोरिता-सानांना विचारलं.

मोरिता-सान जपानीत बोलल्या आणि इशिदा-सानांनी थांबत थांबत सांगितलं. 'तिथे थंडी होती. फार कोणी नव्हतं. मी नमस्कार केला. मनात म्हटलं, बाई, तुम्ही खऱ्या होतात आणि जिंकलातही. पण त्याला चारशे वर्षं लागली. मला सकाळचं ऊन येणारं स्वयंपाकघर हवंय. ते लवकर हवंय.'

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात त्यांनी शाचोंना निरोप पाठवला की शिक्का देते. बाळंतपण महिन्यावर आलं होतं, त्यामुळे शाचो स्वतः आले. अटी मोरिता-सानांनी कागदावर लिहून ठेवल्या होत्या. नदीकाठचं राहतं घर त्यांच्या नावावर. त्या माहेरचं नाव परत घेणार, उचिदा. त्या दोन बायांना वर्गाला यायची मोकळीक. आणि घरातला देव्हारा शाचोंनी घेऊन जायचा.

शेवटच्या अटीवर शाचो पहिल्यांदा चिडले. तो मोरितांच्या चार पिढ्यांचा काळा लाखेचा देव्हारा होता, माणसाच्या उंचीचा. त्यात त्यांच्या आईवडिलांच्या नावाच्या पाट्या होत्या. चौतीस वर्षं रोज सकाळी पहिला भात त्याच बाईने त्यापुढे ठेवला होता. आजारपणात सासूचं सगळं तिनेच केलं होतं. 'देव्हारा घरातून हलवत नाहीत,' ते म्हणाले.

'तुमचे पूर्वज आहेत,' त्या म्हणाल्या. 'तुमच्या मुलाला लागतील.'

चौघा कामगारांनी देव्हारा कापडात गुंडाळून नेला. नव्या बाईच्या इमारतीतल्या लिफ्टमध्ये तो मावेना, जिन्याने सातव्या मजल्यावर चढवावा लागला, असं पुढच्या गुरुवारी वर्गात कळलं. सांगणारी बाई कंपनीतल्या फोरमनची बायको होती. ती परत आली होती.

नगरपालिकेत उचिदा-सान एकट्याच गेल्या. आधी आपला जुना अर्ज मागे घेतला, मग घटस्फोटाचा कागद दिला. ज्योत्स्नाला त्यांनी बोलावलं नाही. तिला जरा चुकल्यासारखं वाटलं, मग वाटलं, बरोबर आहे.

मायक्रोवेव्हवरचा कागद अजून तिथेच होता. माधव रोज त्याच्याकडे बघे. रविवारी सकाळी चहा पिताना त्याने विचारलं, 'मग?'

'मी सही करत नाहीये,' ज्योत्स्ना म्हणाली. 'जूनमध्ये कॉलेजात रुजू होते.'

'आणि आम्ही?'

'तुम्ही तुमची दोन वर्षं पुरी करा. तुम्ही हो म्हणालात, तुमचं बरोबर असेल. मी हो म्हटलेलं नाही.'

'त्या मोरिताबाईंचं बघून शिकलीस हे?'

'त्यांनी शिक्का दिला,' ती म्हणाली. 'मी देत नाहीये. त्यांचं बघून असतं तर उलटं केलं असतं.'

माधवने कप बशीत ठेवला. 'लोक काय म्हणतील याचा विचार केलास? बायको परत गेली म्हणून ऑफिसात काय सांगू मी?'

'नोकरीवर गेली म्हणून सांगा. तुम्ही नाही का नोकरीवर आलात.'

त्याने महिनाभर अबोला धरला. तोही पूर्ण नाही; कचरा, बिलं, सईच्या शाळेच्या सूचना एवढं बोलणं चाले. पुढे त्यानेच एक दिवस प्राचार्यांना रुजू होण्याचं पत्र टाइप करून आणलं. मजकूर तिला विचारून लिहिला आणि 'आपली नम्र'च्या जागी काय घालायचं तेही विचारलं. ज्योत्स्नाने सही केली. तिला त्याच्याबद्दल जरा माया वाटली, आणि आपण निर्णय बदलणार नाही हेही तेव्हाच तिला पक्कं कळलं.

सईबद्दल मात्र तिचा अंदाज चुकला. मुलगी आपल्याबरोबर येईल असं तिने धरून ठेवलं होतं, तेही न विचारता. विचारलं तेव्हा सई म्हणाली, 'आई, माझं बास्केटबॉल आहे. माझ्या फ्रेंड्स इथे आहेत. मला मराठीत सायन्स येणार नाही.' मग थोड्या वेळाने, 'मी राहिले तर तुला राग येईल?'

ज्योत्स्नाला राग आला नाही. जे आलं ते रागापेक्षा वाईट होतं, पण ते मुलीला सांगण्यासारखं नव्हतं. 'नाही येणार,' ती म्हणाली. 'दर रविवारी फोन करीन.'

९५च्या मे महिन्यात ती ठाण्याला परतली. बंद घर उघडलं, पंखे पुसले, कॉलेजात रुजू झाली. पहिल्याच सत्रात तिला आठवा हेन्री आला. कारणांचे तीन मथळे तिने फळ्यावर लिहिले, पण चौथ्या राणीवर पूर्ण तास घेतला. अभ्यासक्रम मागे पडला म्हणून विभागप्रमुखांनी बोलावून समज दिली. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि पुढच्या वर्षीही तो तास घेतला.

रविवारी फोन होत. बाबांना आता आमटी जमते, मोहरी मात्र रोज करपते, असं सई सांगे. कधी बोलता बोलता ती जपानीत शिरे आणि आपण शिरलो हे तिच्या लक्षातही येत नसे. ज्योत्स्ना मधले अर्धे शब्द सोडून देई.

ऑगस्टमधल्या एका रविवारी सईला सामन्याला जायची घाई होती. 'इत्तेकिमास!' तिने फोनवर तसंच म्हटलं, घरातून निघताना रोज म्हणायची तसं, म्हणजे जाऊन येते. त्यावर घरातल्या माणसाने काय म्हणायचं असतं हे ज्योत्स्नाला क्षणभर आठवेना. आठवलं तेव्हा तिने 'इत्तेराशाइ', म्हणजे जाऊन ये, असं मोठ्याने म्हटलं, पण तोवर सईने फोन ठेवला होता.